बार्नमध्ये सापडलेली, घरी बांधलेली जुनी रेस कार: रंग काढू की राहू देऊ?

कोलंबसवासी

नमस्कार मंडळी,

मी इंडियाना राज्यातल्या कोलंबसला राहतो, डिझेल इंजिनांच्या कामात आहे. इथून दक्षिणेला, सिमोरच्या पलीकडे एक जुनं शेत विक्रीला निघालंय. मालक वारले, त्यांच्या मुलीला एवढा पसारा आता झेपत नाही. तिथे अवजारं बघायला गेलो होतो, तर बार्नच्या मागच्या अंगाला, गवताच्या गठ्ठ्यांआड ही गाडी निघाली. बाई म्हणाल्या, वडिलांनी कुणाकडून तरी घेतली आणि कधी चालवली नाही, पण भंगारात घालायला मन होत नाही. मी घेतो म्हणून शब्द दिलाय. पुढे काय करायचं ते तुम्हाला विचारतोय.

जे दिसलं ते लिहितो. एका माणसापुरती, उघडी, चाकं अंगाबाहेर. फ्रेम कुठल्यातरी जुन्या मोटारीची, मधे कापून आखूड केलेली. पुढे आणि मागे एकेकच पाटा (लीफ स्प्रिंग), तोही आडवा. इंजिन फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-८, त्यावर दोन कार्बोरेटर, दोन्हींच्या अंगावर '९७' हा आकडा ओतीव. क्लचचं पेडल नाही, स्टार्टर नाही, बॅटरीला जागासुद्धा नाही. आत डाव्या हाताशी सायकलच्या पंपासारखा एक हातपंप आहे, त्याची नळी मागच्या टाकीत जाते. ब्रेकचा दांडा बाहेरच्या बाजूला. सीट ॲल्युमिनियमची, भोकं पाडून हलकी केलेली. शेपटीचा पत्रा कुणीतरी हाताने ठोकून वळवलाय. आत हात घातला की हातोडीचा एकेक ठोका बोटाला लागतो.

रंग लाल, त्यावर पांढरा २७. लाल रंगाचे पोपडे निघालेत तिथे खाली क्रीम रंग आणि कुठल्यातरी आकड्याची निळी कड दिसते. शेपटीवर 'सिमोर, इंड.' (म्हणजे इंडियाना) एवढं वाचता येतं, वरची ओळ गेलीय. डोक्यामागे पाइपची एक कमान आहे.

शंका अशा: गाडीच्या दोन बाजू एकसारख्या नाहीत. इंजिन मधोमध नसून डावीकडे सरकलंय, मागचं उजवं टायर डाव्यापेक्षा मोठं आहे, पुढचा पाटाही उजवीकडे जाड वाटतो. हे सगळं सरळ करून घ्यावं का? रंगाचं काय करू? इंजिन जाम आहे, ते कसं सोडवू? आणि गाडीचे कागद काहीच नाहीत.

गॅरेजवाला_कोल्हापूर

भावा, नाद खुळा! फोटो टाक की.

आमच्याकडे असली बॉडी आली असती तर आधी सँडब्लास्ट करून पत्रा उघडा केला असता, कुजलाय तिथं नवीन तुकडा, मग प्रायमर आणि लाल रंगाचे चार हात. फ्रेम पावडर कोट. गाडी आरशासारखी दिसली पाहिजे, बनवणाऱ्याच्या कष्टाचं चीज होतं. इंजिनावर नंतर सविस्तर लिहितो. तोवर एक ऐक, किक मारायला म्हणून दुसऱ्या गाडीला बांधून ओढू नकोस.

यॉर्ककर

कोलंबसवासी, आधी अभिनंदन. आणि हात जोडून एक विनंती: माझं लिहिणं वाचून होईपर्यंत त्या गाडीला पाण्याचा पाइपसुद्धा लावू नकोस.

मी पेन्सिल्वेनियात, यॉर्कजवळ असतो. आयुष्य टूलरूममध्ये गेलं. निवृत्तीनंतर यॉर्क स्प्रिंग्सच्या ईस्टर्न म्यूझियम ऑफ मोटर रेसिंगकडे जाणं-येणं वाढलं. तिथे लॅटिमोर व्हॅलीला मातीचा जुना ट्रॅक आहे, त्यावर असल्या गाड्या अजून फिरताना दिसतात. त्या गाड्यांखाली पाठीवर पडून मी जे शिकलो ते सांगतो.

तुझी पहिली शंका घेतो, कारण तिच्यातच गाडीचा जीव आहे. दोन बाजू सारख्या नाहीत हा दोष नाही, ती गाडी तशीच बांधलीय. ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर गाडी आयुष्यभर डावीकडेच वळते. वळणावर भार उजव्या चाकांवर जातो, म्हणून बांधणारा इंजिन डावीकडे घेतो आणि उजवीकडचा पाटा ताठ करतो. मागचं उजवं टायर घेराने मोठं, कारण मागची दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) उघडशील तेव्हा बघ, आतले पिनियन बहुतेक वेल्ड करून टाकलेले असतील. दोन चाकं एका वेगाने फिरत असताना बाहेरचं चाक मोठं असलं की गाडी आपणहून डावीकडे वळू पाहते. हे गणित त्या माणसाने कागदावर मांडलं असेल असं नाही. शनिवारी पळवायची, रविवारी काहीतरी बदलायचं, असं करत तो तिथवर पोचला असणार. तू ते 'सरळ' केलंस तर त्याची सगळी अक्कल पुसून जाईल. पाट्याची पानं मोज, इंजिन मधल्या रेषेपासून किती सरकलंय ते माप, टायरांचे घेर टेपने घे आणि लिहून ठेव. काही सुटं करायच्या आधी.

आता ती कितव्या सालची. एकच साल सापडेल ही आशा सोड, गाडीत अनेक सालं असतात. इंजिनापासून सुरू कर. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, किती स्टडवर (उभ्या बोल्टांवर) बसलंय ते मोज. २१ असतील तर १९३२ ते १९३७-३८ चं. २४ असतील तर त्यानंतरचं. २४ असतील तर पाण्याची तोंडं बघ: हेडच्या मधोमध असतील तर १९४८ किंवा आधीचं, हेडच्या पुढच्या टोकाला असतील तर १९४९ ते १९५३ मधलं. पण इंजिनाचं साल म्हणजे गाडीचं साल नव्हे. दर दोन हंगामांनी इंजिन बदलणारे होते, फ्रेम तीच.

कार्बोरेटर स्ट्रॉम्बर्ग ९७ आहेत. आतल्या गळ्याचा व्यास ०.९७ इंच, म्हणून ९७. त्यातले जेट (इंधन मोजून सोडणारे बारीक भोकाचे नग) काढून भोक बघ. मूळ मापापेक्षा बरंच मोठं करून घेतलं असेल तर गाडी मेथॅनॉलवर पळत होती, कारण मेथॅनॉल पेट्रोलच्या दुपटीहून जास्त लागतं. आत पांढरी भुकटी सापडली तर तीही एक खूण. मेथॅनॉल ॲल्युमिनियम, जस्त असल्या धातूंना खातं आणि या कार्बोरेटरचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं असतं. हातपंप टाकीत हवेचा दाब भरायला, म्हणजे इंधन पुढे येतं. क्लच नाही कारण इथे ट्रक मागून ढकलतो, ड्रायव्हर गिअरमध्ये टाकतो आणि इंजिन धरतं. कसलं स्टार्टर आणि कसली बॅटरी!

सीट आणि पट्टा नीट तपास. महायुद्धानंतर लष्कराचा माल मातीमोल भावाने विकला गेला, त्यात विमानांच्या सीटा आणि पट्टे होते. बकलवर शिक्का असतो. जुलै १९४२ च्या शेवटापासून अमेरिकेत मोटारशर्यती पूर्ण बंद होत्या, पेट्रोल आणि रबर युद्धाला लागायचं. १९४५ च्या ऑगस्टमध्ये बंदी उठली आणि परतलेल्या पोरांनी गावोगाव गाड्या बांधल्या. तुझ्या भागात तर ट्रॅकच ट्रॅक. सेलमचा, वळणांवर बाहेरच्या अंगाला उंच उचललेला अर्ध्या मैलाचा ट्रॅक १९४७ चा, ब्राउन्सटाउनचा मातीचा पाव मैल १९५२ चा, आणि तुझ्या उत्तरेला विंचेस्टर तर १९१६ पासून. सिमोरहून पहिले दोन फार लांब नाहीत.

आता ती कमान, गाडी उलटली तर डोकं वाचवणारी. तिच्यावर फक्त लाल रंग आहे की खाली क्रीमही आहे? भिंग घेऊन कडेला बघ. क्रीम नसेल तर क्रीम रंगाच्या काळात कमान नव्हती, ड्रायव्हरचं डोकं सगळ्यात उंच होतं. वेल्डसुद्धा ताडून बघ. फ्रेमचे सांधे गॅसचे आणि कमानीचे इलेक्ट्रिकचे असतील तर दोन वेगळ्या हातांचं काम.

म्हणून सांगतो, सँडब्लास्ट नको. कोल्हापूरच्या मित्राची माया मला कळते, बाजारात आलेल्या सलून गाडीला मीही तेच सांगेन. पण फोर्डच्या गाडीचा इतिहास फोर्डच्या कागदांत असतो. या गाडीचा इतिहास तिच्या रंगाच्या थरांशिवाय कुठेही नाही. वाळूचा फवारा पाच मिनिटांत तो उडवून टाकेल, मग उरेल एक सुंदर लाल गाडी जी कुणाचीच नाही. जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिवा हिने ट्युरिन सनद केली तीही हेच सांगते: आधी जपणूक, मग दुरुस्ती, आणि नव्याने उभारणं अगदी नाइलाज झाला तर.

आता एक काम आज रात्री करण्यासारखं. बार्नमध्ये पूर्ण अंधार कर, टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा धर आणि फोटो काढ. वरच्या रंगाखाली जुन्या आकड्याची कड उंचवटा म्हणून उमटते. रंगाला हात न लावता आकडा वाचता येतो. आमच्याकडच्या एका मिजेटचे (छोट्या रेस कारचे) तीन जुने नंबर असे मिळाले.

नंबर मिळाला तरी नाव जोडायची घाई करू नकोस. नंबर दर हंगामी, दर क्लबात बदलायचे. जुन्या फोटोशी ताडताना नंबर सोडून दे आणि जे बदलायला कुणी कष्ट घेत नाही ते बघ: बॉनेटच्या झडपा किती, पट्टे कुठे, रेडिएटरच्या जाळीची चौकट कशी वाकलीय, शेपटीचा सांधा कुठे. वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्मसाठी काउंटीच्या ग्रंथालयात विचार. आणि म्हाताऱ्या माणसांना भेट, लवकर भेट. त्यावेळी विशीत असलेले आज नव्वदीत आहेत. मातीचे ट्रॅक पाहणारा माणूस गाडी मागून ओळखतो, कारण त्याने ती जाताना पाहिलेली असते.

कागदांचं: अशा गाड्यांना बहुधा टायटल (मालकीचा सरकारी कागद) नसतंच, रस्त्यावर त्या कधी आल्याच नाहीत. बाईंकडून साधं बिल ऑफ सेल लिहून घे. त्यात गाडीचं वर्णन, फ्रेमवर नंबर ठोकलेला असेल तर तो, आणि 'माझ्या वडिलांच्या बार्नमध्ये होती' हे वाक्य त्यांच्या अक्षरात असू दे.

वस्तुसंग्रह_पुणे

यॉर्ककर काकांनी मुख्य ते सांगितलंय, मी धातू आणि रंगाच्या जतनाचं काम करते म्हणून थोडी भर.

कोलंबसवासी दादा, त्या काळच्या रंगात शिसं असतं. कोरडा पॉलिश पेपर अजिबात नको, पोपडे झाडूने उडवू नका, आणि घरात लहान मूल असेल तर त्या कामाचे कपडे वेगळे ठेवा. ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असणार, ड्रम उघडल्यावर हवा मारायची नाही, ओल्या फडक्याने टिपायचं.

साफसफाई मऊ ब्रश आणि फिल्टर लावलेल्या व्हॅक्यूमने. मग न दिसणाऱ्या जागी, एका नाण्याएवढ्या भागात, शुद्ध पाण्याने ओला केलेला कापसाचा बोळा फिरवून बघा. बोळ्यावर लाल उतरला तर थांबा. अक्षरांवर तर कधीच सुरुवात करू नका. सुटायला आलेले पोपडे आधी बसवून घ्यावे लागतात, ते या कामातल्या माणसाकडूनच. रंग पक्का असेल तिथे शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. उघड्या गंजावरही तेच चालतं. तारेचा ब्रश नको.

फ्रेमच्या कोपऱ्यांत अडकलेली माती फेकू नका. प्रत्येक जागची वेगळ्या पिशवीत, पिशवीवर जागा लिहून. उंदरांच्या घरट्यात कागदाचे कपटे असतात, तेही बघून मगच टाका. आणि गाडी थंड बार्नमधून एकदम उबदार गॅरेजमध्ये आणू नका. थंड लोखंडावर दंव धरतं आणि एका रात्रीत नवा गंज चढतो. आपल्याकडे पावसाळ्यात होतं ते तुमच्याकडे हिवाळ्याच्या शेवटी होतं.

गॅरेजवाला_कोल्हापूर

काका, पटलं. रंगाखाली नंबर असतोय हे डोक्यात नव्हतं. आमच्याकडं गाडी येते ती विकायला नाहीतर लग्नात मिरवायला, त्यामुळं चकाचक करणं हेच काम. ही गोष्ट येगळी हाय.

आता इंजिन. फ्लॅटहेडचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असत्यात, हेडमध्ये न्हाईत. बंद पडताना जो व्हॉल्व्ह उघडा राहिला, त्या सिलिंडरात सायलेन्सरकडनं ओल जाती आणि पिस्टनच्या रिंगा धरत्यात. म्हणजे बहुतेक एक-दोन सिलिंडरच जाम असणार, आठही न्हाईत. प्लग काढ. भोकातनं बारका कॅमेरा घालून बघ, गंज कुठं हाय ते लिहून ठेव. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं करून प्रत्येक सिलिंडरात घाल, झाकून ठेव, दर आठवड्याला परत घाल. वास डोक्यात चढतोय आणि पेटतंय पण लगेच, दार उघडं ठेव.

मग पुढच्या पुलीच्या नटावर लांब दांडा लाव आणि हलक्या हातानं पुढं-मागं. नुसतं पुढं रेटायचं न्हाई. केसाएवढं हाललं तरी त्या दिवशी बस्स, परत तेल घाल. घाईत दाबलंस तर रिंग तुटून बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, ओरबाडला जातोय. हेड काढायची पाळी आली तर स्टड तुटत्यात, उष्णता देऊन काढ. आणि हेड निघालंच तर व्हॉल्व्हच्या सीटपासनं बोअरकडं तडा गेलाय का ते आधी बघ, ह्या ब्लॉकला तो रोग हाय. तडा असला तर इंजिन चालू करायचा हट्ट सोडून दे, फिरतं ठेव एवढंच.

एक सांग, गाडी चालू करायची हाय का तुला? माझ्या मनाला इंजिनाचा आवाज आल्याशिवाय गाडी वाचली असं वाटत न्हाई.

यॉर्ककर

मला वाटतं, आवाज काढायला हरकत नाही, पण पळवायची नाही. जुन्या चाकांना आणि स्टिअरिंगच्या जोडांना डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात, त्या डाय पेनेट्रंटने (चिरेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगाने) तपासल्याशिवाय माणूस बसवू नये. मूळ टायर काढून अंधाऱ्या जागी ठेव, हलवाहलवीसाठी दुसरी चाकं लाव. काढलेला प्रत्येक भाग, अगदी कुजलेली पाण्याची नळीसुद्धा, चिठ्ठी लावून पेटीत. नवा भाग बसवलास तर आतल्या बाजूला त्यावर साल कोर, म्हणजे पुढच्याला कळेल की हा तुझा, त्या माणसाचा नाही.

तुझ्या गावाचंही या खेळाशी नातं आहे. तुझ्या कोलंबसच्याच कमिन्स कंपनीची डिझेल गाडी १९३१ साली इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत एकदाही न थांबता पुरी करून आली. १९५२ साली फ्रेड अगाबाशियनने कमिन्स डिझेल सगळ्यात पुढच्या जागेवर लावली होती. तिच्या टर्बोच्या तोंडात टायरांच्या रबराचा कचरा बसला आणि ती शर्यत पुरी करू शकली नाही. त्या कंपनीच्या पैशातल्या गाड्या जपल्या जातातच. तुझ्या बार्नमधली जपणारा कोणी नाही, म्हणून मी एवढं लांबण लावतोय.

कोलंबसवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज बार्नवर जाऊन आलो.

हेडवर २४ बोल्ट, पाण्याची तोंडं पुढच्या टोकाला. म्हणजे इंजिन १९४९ नंतरचं. पण काका, इंजिनाचे माउंट बघितले तर शेजारी फ्रेमवर दुसऱ्या जोडीची भोकं आहेत, त्यात लाल रंग गेलाय. आधी वेगळं इंजिन होतं. कमानीखाली क्रीम नाही, नुसता लाल. जेट मोठे केलेले आहेत आणि वाटीत पांढरी भुकटीही सापडली.

टॉर्च आडवा धरल्यावर शेपटीवर ५ उमटला आणि त्याच्या उजवीकडे गोलाई असलेला आणखी एक आकडा, बहुतेक ८. 'सिमोर'च्या वरच्या ओळीत 'सर्व्हिस' हा शब्द वाचता आला. तो फोटो मी बाईंना दाखवला. त्यांनी शेजारच्या शेतावरच्या एका आजोबांना फोन लावला. आजोबा काठी टेकत आले आणि गाडीच्या पुढे न जाता थेट मागे जाऊन उभे राहिले. म्हणाले, ही सिमोरच्या पेट्रोल पंपावरच्या भावांची. थोरला पत्रा ठोकायचा, धाकटा चालवायचा, आणि पहिलं इंजिन मर्क्युरीचं (फोर्डचाच दुसरा ब्रँड) होतं. आडनावही सांगितलं. त्या घरातली मंडळी अजून याच भागात आहेत, त्यांना विचारल्याशिवाय इथे लिहीत नाही. आजोबांचं बोलणं त्यांच्या परवानगीने फोनवर रेकॉर्ड केलंय.

बिल ऑफ सेल झालं, ते वाक्य बाईंनी स्वतः लिहिलं. रंगाला हात लावणार नाही हे नक्की.

शनिवारी ट्रेलर आणतोय. मागची दोन्ही चाकं फिरत नाहीत. विंचची दोरी कुठे बांधू?

यॉर्ककर

मर्क्युरीचं इंजिन म्हणतायत, मग जुन्या भोकांच्या जोडीचं अंतर मोज आणि फोटो टाक. ताडून बघू.

दोरी पुढच्या ॲक्सलला, पाट्याच्या टोकांजवळ, दोन्ही बाजूंनी रुंद कापडी पट्टा घालून. मधल्या विशबोनला (ॲक्सल धरणाऱ्या व्ही आकाराच्या दांड्याला) नको, तो वाकतो. ॲक्सलवर पट्टा घासेल तिथे जाड फेल्ट ठेव, रंग आहे तिथे.

गॅरेजवाला_कोल्हापूर

आणि मागच्या चाकांखाली चाकांच्या ट्रॉल्या घाल, घासत ओढू नकोस. टायर फाटंल ते फाटंल, वेल्ड केलेल्या डिफरन्शियलवर पण जोर येतोय. ट्रॉल्या मिळाल्या न्हाईत तर लोखंडी पत्र्याला ग्रीस लाव आणि त्यावर चाक ठेवून सरकव. मागं एक माणूस लाकडी ठोकळा घेऊन उभा कर, तिच्या ब्रेकचा भरवसा न्हाई. पोचलास की फोटो टाक, आम्ही जागं हाय.